पुढचा आवाज किती बारीक? संवेदनांचा उंबरठा मोजणाऱ्या पद्धतींचा आढावा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं मिरजगाव नगर–सोलापूर रस्त्यावर वसलेलं आहे. अशा गावातल्या साठीच्या शेतकऱ्याला ऐकू कमी यायला लागलं, की घरचे आधी आवाज चढवून बोलतात, मग टीव्हीचा आवाज वाढतो, आणि बऱ्याच उशिराने कानाची तपासणी होते. तपासणीनंतर हातात ऑडिओग्राम पडतो. दोन्ही कानांचे मिळून बारा-चौदा ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा. श्रवणयंत्र लागेल का, कोणतं लागेल, दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मिळेल का, कामाच्या आवाजाने कान गेला की वयाने, हे सगळं त्या ठिपक्यांवर ठरतं.

यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक उंबरठा. त्याच्या खालचा आवाज कानाला जाणवत नाही आणि वरचा जाणवतो, असं समजून आपण पुढे जातो. प्रत्यक्षात ही हद्द रेघेसारखी नसते. एकच बारीक आवाज त्याच माणसाला दहा वेळा ऐकवला, तर तीनदा ऐकू येतो आणि सातदा येत नाही. थोडा मोठा केला, तर सातदा ऐकू येतो. चेतातंतूंची स्वतःची अखंड हालचाल, श्वास, लक्ष, थकवा या सगळ्यांनी उत्तर हलतं. म्हणून संशोधनात उंबरठ्याची व्याख्या शक्यतेच्या भाषेत करतात. आवाज हळूहळू वाढवत नेला, की ऐकू येण्याची शक्यता आडव्या ताणलेल्या ‘एस’सारख्या वक्राने शून्याकडून शंभराकडे जाते. त्या वक्रावर ठरावीक टक्केवारीला, समजा निम्म्या वेळा ऐकू येतं तिथे, जी पातळी मिळते तो उंबरठा.

म्हणजे एक ठिपका काढायचा तर एक वक्र शोधायचा, आणि तोही थकणाऱ्या, कंटाळणाऱ्या माणसाकडून. गेली दीडशेहून अधिक वर्षं संवेदना मोजणाऱ्या शास्त्रापुढचा प्रश्न हाच राहिला आहे. कमीत कमी प्रश्न विचारून हा वक्र कुठे आहे ते कसं सांगायचं? या प्रश्नाला ‘अनुकूली’ पद्धतींनी दिलेली उत्तरं आणि त्यांच्या मर्यादा यांचा हा आढावा. आधीच सांगून टाकतो, या पद्धतींनी वेळ वाचतो आणि उत्तरातली चलबिचल कमी होते. पण उत्तर मुळातच एका बाजूला कललेलं असेल, तर तो कल त्यांना दिसतही नाही. आपल्याकडच्या तपासणीचं यशापयश याच फरकावर उभं आहे.

फेक्नरच्या तीन वाटा

लाइपझिगच्या एर्न्स्ट वेबर यांनी हातातल्या वजनांमधला जेमतेम कळणारा फरक मोजला आणि १८३४ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच विद्यापीठातले गुस्ताव फेक्नर यांनी १८६० मध्ये मानसभौतिकीचा पाया घालणारा ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी मांडलेल्या तीन पद्धती आजही मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत असतात. सीमा पद्धतीत उद्दीपक एकेक पायरी वाढवत किंवा कमी करत न्यायचा आणि उत्तर कुठे बदलतं ते टिपायचं. समायोजन पद्धतीत माणसाने स्वतःच बटण फिरवून ‘आता जेमतेम’ ही जागा गाठायची. स्थिर उद्दीपक पद्धतीत आधीच ठरवलेल्या काही पातळ्या उलटसुलट क्रमाने पुन्हापुन्हा द्यायच्या आणि प्रत्येक पातळीला किती टक्के ‘हो’ आलं ते मोजायचं.

भारतात हे काम विद्यापीठांतून रुजलं. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुणे विद्यापीठात प्रा. व्ही. के. कोठुरकर यांनी हीच परंपरा घडवली. वजनांचे डबे, कातडीवरच्या दोन टोकांमधलं अंतर मोजणारा कर्कटक आणि फेक्नरच्या तीन पद्धती यांवर विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या तयार झाल्या.

तिन्हींत भरवशाची स्थिर उद्दीपक पद्धत, पण तिचा हिशेब करून पाहावा. सात पातळ्या, प्रत्येक पातळी वीस वेळा, म्हणजे एका स्वराला १४० आवाज. कानाच्या नेहमीच्या तपासणीत २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंत सहा मुख्य स्वर असतात आणि कान दोन, म्हणजे १६८० आवाज. तीन सेकंदांना एक आवाज धरला तरी ८४ मिनिटं. प्रयोगशाळेतला पगारी विद्यार्थी एवढा वेळ बसेल. सकाळच्या एसटीने निघून, केसपेपर काढून रांगेत उभा राहिलेला माणूस बसणार नाही, आणि बसला तरी शेवटच्या अर्ध्या तासातल्या उत्तरांवर कुणी विश्वास ठेवू नये.

त्यात निम्म्याहून जास्त आवाज वायाच जातात. वक्राच्या वरच्या टोकाला ते सगळ्यांना ऐकू येतात, खालच्या टोकाला कुणालाच नाही. दोन्हीकडून नवं काही कळत नाही. माहिती मिळते ती वक्राच्या चढावर, आणि तो चढ कुठे आहे हेच तर शोधायचं असतं. अनुकूली पद्धतींचा उगम या पेचातून झाला. मागचं उत्तर पाहून पुढची पातळी ठरवायची, एवढीच मूळ कल्पना. ‘मनातला आकडा ओळख’ हा खेळ मुलं खेळतात तो याच तर्कावर चालतो. फरक एवढाच, की इथे समोरचा कधीकधी नकळत चुकीचं उत्तरही देतो.

जिने आणि पेनाची नागमोडी

या कल्पनेचा एक धागा स्फोटकांच्या कारखान्यात सापडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ब्रूस्टन इथल्या प्रयोगशाळेत स्फोटकावर ठरावीक उंचीवरून वजन टाकून ते फुटतं का, हे पाहत. फुटलं की पुढची उंची एक पायरी कमी, नाही फुटलं की एक पायरी जास्त. या चाचणीचं गणित डिक्सन आणि मूड यांनी १९४८ मध्ये मांडलं. स्फोटकाचा नमुना एकदाच वापरता येतो, त्यामुळे प्रत्येक चाचणी महाग. तिथे ही काटकसर गरजेपोटी आली.

दुसरा धागा कानाचा. हंगेरीत जन्मलेले गेओर्ग फॉन बेकेशी यांनी १९४७ मध्ये एक यंत्र मांडलं. आवाज ऐकू येतो तोवर बटण दाबून धरायचं, तेव्हा आवाज आपोआप कमी होत जातो. ऐकू येईनासा झाला की बटण सोडायचं, मग तो वाढत जातो. कागदावरचं पेन उंबरठ्याभोवती नागमोडी रेघ काढत राहतं. कानाच्या शंखिकेतल्या लहरींवरच्या संशोधनाबद्दल बेकेशींना पुढे १९६१ चं नोबेल मिळालं.

तिसरा धागा दवाखान्याचा, आणि सर्वांत टिकाऊ. ह्यूसन आणि वेस्टलेक यांनी १९४४ मध्ये कानाच्या तपासणीसाठी एक चढती पद्धत सुचवली. कारहार्ट आणि जर्गर यांनी १९५९ मध्ये ती पारखून आणि थोडी सुधारून तिची शिफारस केली. नियम तोंडपाठ व्हावा इतका सोपा: ऐकू आलं की दहा डेसिबल खाली, नाही आलं की पाच डेसिबल वर. आजही जगभरात शुद्ध स्वरांची ऑडिओमेट्री मुख्यतः याच नियमाने होते. मुंबईत नायर रुग्णालयाच्या वाक्-श्रवण विभागात साठच्या दशकापासून, आणि वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत १९८३ पासून, ऑडिओलॉजिस्ट होऊ पाहणारे विद्यार्थी याच नियमावर हात बसवतात.

एक कान, एक हजार हर्ट्झ

हा नियम चालताना कसा दिसतो ते एका नमुन्यावर पाहू. ऑडिओलॉजिस्ट काचेच्या अलीकडे, पेशंट ध्वनिरोधक खोलीत. कानावर हेडफोन, हातात बटण. सुरुवात चांगल्या कानाने आणि १००० हर्ट्झने होते, कारण हा स्वर ओळखायला सोपा आणि उत्तरं स्थिर येतात. सूचना असते: “काका, अगदी बारीक आवाज आला तरी बटण दाबायचं. आवाज गेला की सोडायचं.”

३० डेसिबल: बटण नाही. ५०: दाबलं. आता ओळख पटली, शोध सुरू. ४०: दाबलं. ३०: नाही. इथून चढ. ३५: नाही. ४०: दाबलं. दहा खाली, ३०: नाही. ३५: दाबलं. पुन्हा दहा खाली, २५: नाही. ३०: नाही. ३५: नाही. ४०: दाबलं. दहा खाली, ३०: नाही. ३५: नाही. ४०: दाबलं.

चढताना ३५ ला चार संधी मिळाल्या, त्यांतल्या एकदाच बटण दाबलं गेलं. ४० ला तीन संधी, तिन्ही वेळा दाबलं. चढत्या फेऱ्यांत निदान निम्म्या वेळा, आणि कमीत कमी दोनदा, जिथे उत्तर येतं ती सर्वांत खालची पातळी म्हणजे उंबरठा. या स्वराला ४० डेसिबल. आलेखावर ठिपका पडला आणि पंधरा आवाजांत काम झालं. १४० च्या जागी १५. दोन्ही कानांचे सगळे स्वर मिळून १८० च्या आसपास, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण पहिला स्वर कळला की पुढचा कुठून सुरू करायचा याचा अंदाज येतो.

या नमुन्यात ३५ ला एकदा आलेलं ‘हो’ डोळ्याआड करू नये. तो माणूस खोटं बोलला नाही आणि यंत्रही बिघडलं नाही. वक्राच्या चढावर असंच होतं. नियम चांगला म्हणायचा तो यासाठी, की अशा एका उत्तराने तो भुलत नाही, पुन्हा खाली जाऊन परत चढतो.

निम्म्याच्या वर

संशोधकांना दवाखान्यापेक्षा बारीक माप लागतं. त्यांनी या जिन्यांचं गणित तपासलं तेव्हा दोन अडचणी पुढे आल्या. पहिली अशी, की साधा एक-खाली-एक-वर जिना चालवला, तर माणूस थोड्याच वेळात क्रम ओळखतो आणि कानाऐवजी अंदाजाने उत्तर द्यायला लागतो. टॉम कॉर्नस्वीट यांनी १९६२ मध्ये जिना पद्धतीवर लिहिताना यावर तोड सुचवली: दोन जिने एकाच वेळी सुरू ठेवायचे आणि पुढचा आवाज कोणत्या जिन्यावरचा, हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं.

दुसरी अडचण ‘हो’ म्हणण्याच्या सवयीची. एक माणूस शंका आली तरी बटण दाबतो, दुसरा खात्री झाल्याशिवाय दाबत नाही. दोघांचा कान सारखा असूनही उंबरठा वेगळा निघतो. टॅनर आणि स्वेट्स यांनी १९५४ मध्ये, आणि ग्रीन-स्वेट्स यांनी १९६६ च्या ग्रंथात, संकेत-ओळखीचा सिद्धान्त मांडून संवेदना आणि निर्णयाची कसोटी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. त्यावरचा उपाय असा: ‘ऐकू आला का?’ असं न विचारता दोन क्षण द्यायचे, त्यांतल्या एकातच आवाज ठेवायचा, आणि ‘पहिल्यात की दुसऱ्यात?’ असं विचारायचं. उत्तर द्यावंच लागतं, त्यामुळे ‘हो’ म्हणायची हौस किंवा संकोच निकालात शिरत नाही.

पण अशा प्रश्नात डोळे मिटून उत्तर दिलं तरी निम्मी उत्तरं बरोबर येतात. निम्म्यावर थांबणारा साधा जिना तिथे निरुपयोगी ठरतो. हॅरी लेव्हिट यांनी १९७१ मध्ये यावर देखणं उत्तर दिलं. सलग दोन उत्तरं बरोबर आली तरच एक पायरी खाली, एक जरी चुकलं तर वर. जिना स्थिरावतो तो खाली जाण्याची आणि वर जाण्याची शक्यता सारखी असेल तिथे, म्हणजे सलग दोन बरोबर येण्याची शक्यता अर्धी असेल तिथे. एकेका उत्तराची शक्यता अर्ध्याच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे ७०.७ टक्के. सलग तीन बरोबर मागितली तर घनमूळ येतं, ७९.४ टक्के. जिन्याची दिशा जिथे जिथे उलटते, त्यांतल्या शेवटच्या काही पातळ्यांची सरासरी घेतली की उंबरठा हाती येतो. कागद-पेन्सिलीने चालणारी आणि वक्राच्या नेमक्या आकाराबद्दल फारसं काही गृहीत न धरणारी ही पद्धत आजही प्रयोगशाळांत सर्रास वापरात आहे.

मागची सगळी उत्तरं लक्षात ठेवणाऱ्या पद्धती

जिना फक्त शेवटची दोन-तीन उत्तरं पाहतो, आधीची विसरतो. संगणक आल्यावर हा विसरभोळेपणा परवडेनासा झाला. टेलर आणि क्रीलमन यांनी १९६७ मध्ये पेस्ट नावाची पद्धत काढली. तिच्यात पायरीचा आकारही बदलतो: उंबरठा दूर असेल तर मोठ्या उड्या, जवळ आला की लहान. पातळी बदलायची की नाही हे ती अब्राहम वाल्ड यांच्या क्रमशः चाचणीच्या नियमाने ठरवते. संख्याशास्त्राला हा नियम देणारे वाल्ड १९५० मध्ये भारताच्या व्याख्यान-दौऱ्यावर असताना निलगिरीच्या डोंगरांत विमान कोसळून वारले.

पुढचं पाऊल वॉटसन आणि पेली यांनी १९८३ मध्ये क्वेस्ट पद्धतीत टाकलं. सुरुवातीला उंबरठा कुठे असू शकेल याचा एक अंदाज मांडायचा. प्रत्येक उत्तराबरोबर बेझच्या नियमाने तो अंदाज सुधारायचा, आणि पुढचा आवाज त्या क्षणी सर्वांत संभाव्य वाटणाऱ्या उंबरठ्यावर ठेवायचा. कॉन्त्सेविच आणि टायलर यांनी १९९९ मध्ये त्यात भर घातली. पुढचा प्रश्न असा निवडायचा, की त्याचं उत्तर काहीही आलं तरी आपली अनिश्चितता सरासरीने जास्तीत जास्त कमी व्हावी. यात उंबरठ्यासोबत वक्राचा चढही मोजता येतो. २०१५ मध्ये सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी हाच विचार सगळ्या स्वरांवर एकदम लावला. एका स्वराचं उत्तर शेजारच्या स्वरांबद्दलही काही सांगतं हे ध्यानात घेऊन संपूर्ण ऑडिओग्राम यंत्र-शिक्षणाने काढायची रीत त्यांनी मांडली.

या हुशारीची किंमतही आहे. सुरुवातीलाच माणसाचं लक्ष उडालं आणि मोठा आवाज हुकला, तर बेझवर चालणारी पद्धत बराच वेळ भलत्या ठिकाणी शोध घेत राहते. म्हणून ‘कधीकधी चुकणार’ ही शक्यता गणितात आधीच धरावी लागते. दुसरी किंमत सुरुवातीच्या अंदाजाची. वयोमानाने जाणारा कान उंच स्वरांकडे हळूहळू उतरत जातो. ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कडबाकुट्टी यांच्या आवाजात वर्षं काढलेल्या कानात ४००० हर्ट्झच्या आसपास खाच पडते. शेजारचे स्वर सारखेच असणार असं धरून चालणाऱ्या गणिताला ही खाच बुजवून टाकायचा मोह होतो. दुसऱ्या देशातल्या शहरी माणसांवर बसवलेला अंदाज आपल्या शेतकऱ्यावर तपासल्याशिवाय वापरू नये, तो याचसाठी.

डोळा, पाय, नाक

कानाइतकाच लाभ डोळ्यांना झाला. काचबिंदूत दृष्टीचं क्षेत्र कडेने आक्रसत जातं आणि रुग्णाला ते कळत नाही. ते मोजणाऱ्या पेरिमीटरमध्ये पन्नासहून अधिक जागांवर प्रकाशाचे ठिपके दाखवतात, आणि प्रत्येक जागेचा उंबरठा काढायचा असतो. पूर्वी चार डेसिबलच्या पायऱ्यांनी एकदा हद्द ओलांडून मग दोन डेसिबलने परत यायचं, अशी रीत होती. तपासणी संपेपर्यंत डोळा शिणायचा. स्वीडनमध्ये बेंग्टसन, हेइल आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये सीता नावाची पद्धत आणली. शेजारच्या जागांची उत्तरं आणि काचबिंदूच्या नेहमीच्या रूपांची माहिती वापरून तिने वेळ जवळपास निम्म्यावर आणला. केनियातल्या नाकुरूत २०१५ मध्ये पारखलेलं पीक अ‍ॅक्युइटी हे मोबाइल अ‍ॅप चारही दिशांना वळणारं ‘ई’ दाखवतं आणि उत्तराप्रमाणे अक्षर लहान-मोठं करतं. बोट दाखवून उत्तर देता येत असल्याने त्याला अक्षरओळख लागत नाही.

पायांची गोष्ट वेगळी आहे. मधुमेह्याच्या तळपायाला कंपन किती जाणवतं हे बायोथेसिओमीटरने पाहतात. व्होल्ट हळूहळू वाढवत ‘आता कळलं’ म्हणेपर्यंत थांबायचं. २५ व्होल्टच्या वर गेलं तर जखमेचा धोका जास्त. ही फेक्नरची सीमा पद्धतच, तीही बहुतेकदा फक्त चढती. कुष्ठरोगात मज्जातंतूंची हानी ओळखण्यासाठी ठरावीक जोराला वाकणाऱ्या नायलॉनच्या तंतूंचा संच वापरतात, आणि क्षेत्रीय कामात बॉलपेनचं टोकही चालवतात. मुंबईत वडाळ्याचं १८९० चं अ‍ॅकवर्थ रुग्णालय आणि वरोऱ्याचं आनंदवन ज्या राज्यात आहेत, तिथे या साध्या तंतूचं मोल सांगायला नको. पण त्वचेसाठीही अनुकूली रीत आहे. मेयो क्लिनिकचे पीटर डायक आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये चार, मग दोन, मग एक अशा घटत्या पायऱ्यांचा नियम दिला, आणि मधूनमधून मुद्दाम काहीच उद्दीपक न देण्याची सोय त्यात ठेवली. काही नसताना ‘कळलं’ म्हणणारा पेशंट तिथे पकडला जातो. नाकासाठी १९९७ पासून जर्मनीत तयार झालेल्या सुगंधी पेनांचा संच आहे. त्यात तीन पेनांतलं वासाचं पेन ओळखायचं असतं, आणि वासाची तीव्रता जिन्याने वर-खाली होते.

पद्धतीला न दिसणारा कल

आता मुद्द्याची गोष्ट. चुका दोन जातींच्या असतात. एक चूक कधी वर तर कधी खाली पडते. चार स्वरांची सरासरी घेतली, की या चुका एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. एकाच स्वरात पाच डेसिबलची चूक झाली, तर चार स्वरांची सरासरी सव्वा डेसिबलनेच हलते. दुसरी चूक नेहमी एकाच दिशेला जाते. यंत्र पाच डेसिबलने कमी आवाज देत असेल, तर चारही ठिपके पाच डेसिबलने जास्त हानी दाखवतात आणि सरासरीही पुरत्या पाचाने बदलते. अनुकूली पद्धत पहिल्या जातीची चूक कमी करते. दुसऱ्या जातीच्या चुकीवर तिचा काही इलाज नाही. चुकीचाच उंबरठा ती झटपट आणि ठामपणे सांगते.

हा फरक कागदोपत्री कुठे पोचतो ते पाहा. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ नुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या स्वरांना ६० ते ७० डेसिबल हानी असेल तर ‘श्रवणक्षीण’, ७० डेसिबल असेल तर ‘बधिर’. प्रमाणपत्रासाठी ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झच्या उंबरठ्यांची सरासरी धरतात. एकाच कानाची दोनदा तपासणी केली तर पाच डेसिबलचा फरक ऑडिओमेट्रीत सामान्य मानला जातो. ज्याची खरी सरासरी ५८ आहे त्याला एका बाजूला कललेल्या यंत्रावर ६३ मिळेल, आणि ६१ असलेल्याला उलट कलाच्या यंत्रावर ५६. दोघांच्याही आलेखावर रेघा सारख्याच नीट दिसतील.

हा कल येतो कुठून? पहिली जागा खोली. शाळेच्या वर्गात किंवा ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये भरवलेल्या शिबिरात पंखा, रस्त्यावरचे ट्रक, बाहेर थांबलेल्या लोकांची बोलणी यांनी खालचे स्वर, विशेषतः ५०० हर्ट्झ आणि त्याखालचे, झाकले जातात. चांगला कानही थोडा गेलेला दिसतो. दुसरी जागा यंत्राचं अंशांकन. ऑडिओमीटर वर्षातून एकदा तपासून घ्यायचा असतो. तिसरी जागा कानच: मळ साचला असेल किंवा हेडफोन नीट बसला नसेल, तर जिना कितीही शहाणा असो, आवाज पडद्यापर्यंत पोचत नाही. चौथी जागा दुसरा कान. एका कानाला दिलेला मोठा आवाज कवटीतून चांगल्या कानाला ऐकू जातो. त्याला गोंगाट देऊन झाकावं लागतं, ज्याला मास्किंग म्हणतात. ते केलं नाही, तर मेलेला कान जिवंत दिसतो.

पाचवी जागा सूचना. “आवाज आला की दाबा” आणि “आल्यासारखं वाटलं तरी दाबा” या दोन वाक्यांनी एकाच माणसाचा उंबरठा हलू शकतो. कानात सतत गुणगुण असलेल्या माणसाला यंत्राचा आवाज कोणता आणि आपला कोणता हेच कळत नाही; त्याच्यासाठी सलग स्वराऐवजी तुटक स्वर वापरतात. नुकसानभरपाई किंवा सवलत पदरात पडावी म्हणून बटण उशिरा दाबणारेही असतात. त्यांना पकडायला स्टेंगरसारख्या वेगळ्या चाचण्या आहेत. जिन्याचा नियम स्वतः प्रामाणिकपणा मोजत नाही.

भाषेचा कल वेगळाच. शुद्ध स्वरांनंतर बोलणं किती कळतं हे शब्द ऐकवून पाहतात, आणि इथेही पातळी उत्तराप्रमाणे वर-खाली होते. पुण्याच्या स्टुडिओत प्रमाण मराठीत रेकॉर्ड केलेला शब्द कर्जत-जामखेडच्या माणसाला अनोळखी असेल, तर कान शाबूत असूनही गुण जातात. आकडे यातून सुटतात, कारण ते सगळ्यांना येतात. म्हणूनच नेदरलँड्समध्ये स्मिट्स यांच्या गटाने २००४ मध्ये गोंगाटात तीन आकडे ऐकवण्याची फोनवरची चाचणी केली, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये हिअरडब्ल्यूएचओ हे अ‍ॅप त्याच तत्त्वावर आणलं. आवाज आणि गोंगाट यांच्या प्रमाणावर निकाल लागतो, त्यामुळे फोनचा आवाज थोडा कमी-जास्त असला तरी बिघडत नाही. पण मराठीत असं काही करताना ‘पाच’ आणि ‘नऊ’ गोंगाटात सारखेच कठीण राहतील अशी प्रत्येक आकड्याची पातळी आधी जुळवावी लागते. तेवढं काम केल्याशिवाय जिना बांधला, तर पेशंटच्या कानाऐवजी आकड्याचा आवाज मोजला जातो.

आपल्याकडे काय हवं

तपासणीची चौकट सरकारी कागदावर आहे. बहिरेपणा प्रतिबंधाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये निवडक जिल्ह्यांत सुरू झाला. मुलांच्या आरोग्य तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरहून, सुरू झाला, आणि त्याच्या यादीत श्रवणदोष आहे. बटण दाबू न शकणाऱ्या तान्ह्या बाळासाठी ओएई आणि बेरा या चाचण्या आहेत, आणि बेरातही आवाज वर-खाली करतच उंबरठा शोधतात. पद्धतींची कमतरता नाही.

माझं मत असं, की खेड्यापर्यंत अनुकूली तपासणी न्यायलाच हवी, कारण तिथे सर्वांत दुर्मिळ गोष्ट म्हणजे ऑडिओलॉजिस्टचा वेळ. स्वयंचलित यंत्र किंवा मोबाइलवर दहा मिनिटांत चाळणी झाली, तर नगरला किंवा पुण्याला पाठवायचं कुणाला हे गावातच ठरेल. पण खर्चाची पहिली ओळ नव्या अ‍ॅपची नसावी. ती शांत खोलीची, खोलीतला गोंगाट मोजणाऱ्या मीटरची आणि वार्षिक अंशांकनाची असावी. बेझ की लेव्हिट, हा वाद काही मिनिटांचा आणि डेसिबलच्या लहान भागाचा आहे. उघडी खिडकी दहा डेसिबल खाते. चाळणीवर प्रमाणपत्र देऊ नये, आणि प्रमाणपत्रासाठीची तपासणी हद्दीच्या आसपास आली, तर ती दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी. अहवालात उंबरठ्यासोबत उत्तरं किती भरवशाची होती याची नोंदही असावी. आज ती बऱ्याचदा एका शब्दात उरकली जाते.

आणि तपासणीला जाणाऱ्यांना, किंवा आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांना एक विनंती. आत जाण्याआधी कान साफ आहे का हे डॉक्टरांना पाहायला सांगा. मोठ्या आवाजात काम केलं असेल, तर त्यानंतर एक रात्र शांततेत जाऊ द्या आणि मग तपासणी करा. सूचना कळली नसेल तर बटण दाबायच्या आधी पुन्हा विचारा. ऑडिओमीटरचं शेवटचं अंशांकन कधी झालं आणि दुसरा कान झाकून तपासणी केली का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ते उत्तर अहवालावर लिहून घ्या.